कपड्यावरचा क्यूआर कोड ग्राहक कधी उघडतो?

कर्वेनगरमध्ये सुती कुर्ते आणि ओढण्यांचा छोटा व्यवसाय चालवणाऱ्या एका उद्योजिकेने काही प्रश्न विचारले आहेत. प्रत्येक कपड्याला क्यूआर कोड लावून कापूस कुठला, रंग कोणते, पाणी किती लागले, ही माहिती द्यावी का. पुण्यातले ग्राहक ती खरोखर पाहतात का आणि तेवढ्यासाठी चार पैसे जास्त मोजतात का. कोड लावल्यावर शिवलेले लेबल काढून टाकले तर चालेल का. ‘पर्यावरणपूरक’ असे टॅगवर छापावे का. आणि जर्मनीतील एका खरेदीदाराने ‘डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट’, म्हणजे वस्तूची माहिती देणारी डिजिटल नोंद, मागितला आहे, त्याला काय कळवावे. तयार कपड्यांची गुणवत्ता-तपासणी आणि लेबलिंग हाच माझा व्यवसाय असल्यामुळे हे प्रश्न मला वेगवेगळ्या उत्पादकांकडून वारंवार विचारले जातात, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

प्रथम ग्राहकांविषयी. कर्वे रस्त्यावरच्या सभागृहांत भरणाऱ्या प्रदर्शनांत असो, लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांत असो किंवा विमाननगरच्या मॉलमध्ये असो, खरेदीच्या क्षणी टॅगवरचा कोड उघडून पाहणारे ग्राहक फारच थोडे असतात. गर्दी असते, हातात पिशव्या असतात, सोबतचे माणूस घाई करत असते, आणि कापड तर समोरच असते. ते चिमटीत धरून पाहण्याचा मार्ग मोबाइलपेक्षा जवळचा वाटतो. याचा अर्थ कोडला ग्राहकच नाही, असा मात्र होत नाही. तो उघडला जातो घरी गेल्यावर, आणि तेही बहुधा काहीतरी अडल्यावर: पहिल्या धुण्याआधी शंका आली, रंग दुसऱ्या कपड्याला लागला, बाही उसवली, माप बदलून हवे आहे, किंवा कपडा कोणाला भेट द्यायचा आहे आणि तो नेमका कशाचा आहे हे सांगायचे आहे. छापील टॅग विक्रीआधी बोलतो आणि डिजिटल लेबलचे काम विक्रीनंतर सुरू होते, एवढी एक गोष्ट लक्षात घेतली की त्यात काय घालायचे आणि काय वगळायचे याचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

प्रश्नावलीत मात्र चित्र वेगळे दिसते. ‘कपडा विकत घेताना पर्यावरणाचा विचार करता का?’ असे विचारल्यावर ‘नाही’ असे उत्तर सहसा कोणी देत नाही, कारण त्या प्रश्नातच चांगले उत्तर कोणते ते सांगितलेले असते. असा विचार सांगणारे पुष्कळ आणि त्यानुसार खरेदी करणारे कमी, ही तफावत ग्राहक-वर्तनाच्या अभ्यासकांना जगभर आढळलेली आहे, आणि पुणे त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. म्हणून आपल्या ग्राहकांची मते जाणून घ्यायची असतील तर प्रश्नावली वाटण्यापेक्षा ते काउंटरवर स्वतःहून काय विचारतात, ते एका वहीत लिहून ठेवावे. माझ्या पाहण्यात तेच ते प्रश्न येतात. रंग जाईल का? आटेल का? प्युअर कॉटन आहे की मिक्स? अंगाला टोचणार नाही ना? मशीनमध्ये टाकला तर चालेल का? लहान मुलांचे कपडे घेणाऱ्या आया या बाबतीत सर्वांत चौकस असतात आणि लेबलही त्याच सर्वांत जास्त वाचतात.

हे प्रश्न पर्यावरणाशी संबंधित नाहीत असे मानणे ही आपल्या व्यवसायातली मोठी गैरसमजूत आहे. कपडा बनवताना जे पाणी, रसायने आणि वीज खर्च होते, ती तो दहा वेळा घातला तरी तेवढीच आणि शंभर वेळा घातला तरी तेवढीच असते. त्यामुळे तो किती दिवस अंगावर राहतो, यावर त्या खर्चाचे मोल ठरते. आटल्यामुळे किंवा विटल्यामुळे तिसऱ्या महिन्यात कपाटाच्या तळाशी गेलेला कुर्ता सेंद्रिय कापसाचा असला तरी त्याने कोणाचे भले केलेले नसते. ग्राहक टिकाऊपणाविषयी विचारतात तेव्हा ते आपल्या पैशांचा विचार करत असतात, हे खरे. पण तो विचार आणि पर्यावरणाचे हित येथे एकाच दिशेने जातात. आपल्या डिजिटल लेबलने पहिले उत्तर याच प्रश्नाला द्यावे आणि बाकीचे सर्व त्याच्या खाली ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग ग्राहक पडताळणी कधीच करत नाहीत का? करतात, आणि फार काटेकोरपणे करतात. मात्र फसवले जाण्याची किंमत मोठी असेल तेव्हा. पैठणी घेताना जाणत्या बायका पदर उलटा करून पाहतात. हातमागावरच्या अस्सल पैठणीत पदरावरची नक्षी मागच्या बाजूनेही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, तर यंत्रावर विणलेल्या नक्कलेत मागे मोकळे धागे लोंबत असतात किंवा कापलेले दिसतात. रेशमाची शंका आली तर सूत जाळून पाहणारेही आहेत: रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, सूत कागदासारखे जळून हलकी राख होते आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. सोन्याच्या बाबतीत तर डिजिटल पडताळणी सामान्य माणसाच्या अंगवळणी पडू लागली आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बंधनकारक झाला, आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून दागिना कोणी नोंदवला आणि किती शुद्धतेचा आहे हे पाहता येते. तेथे लोक क्रमांक टाकून पाहतात, कारण उत्तर खरे-खोटे ठरवणारे असते आणि ते सराफाखेरीज तिसऱ्याच कोणाकडून येते.

कपड्यावरच्या बहुतेक कोडमागे असे उत्तर नसते. तो उघडला की ब्रँडची जाहिरात, हिरव्या पानांची चित्रे, ‘आमची निसर्गाशी बांधिलकी’ असा एक परिच्छेद आणि इन्स्टाग्रामचा दुवा एवढेच समोर येते. एकदा असा अनुभव आलेला ग्राहक पुढच्या दहा कपड्यांवरचे कोड उघडत नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

ग्राहकांचा अविश्वास निराधारही नाही. २०२० मध्ये सेंद्रिय वस्त्रांच्या ‘गॉट्स’ या जागतिक मानकाच्या संस्थेलाच भारतात बनावट प्रमाणपत्रांची साखळी सापडली. सुमारे २० हजार टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला होता. २०२२ मध्ये नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने कपड्यांचा पर्यावरणीय परिणाम मोजणाऱ्या ‘हिग’ निर्देशांकावर आधारलेले एका कपडे-कंपनीचे पर्यावरणविषयक दावे दिशाभूल करणारे ठरवले. त्यातला आक्षेप आपण नीट समजून घेण्यासारखा आहे. कापसाच्या एखाद्या प्रकाराला सरासरीने किती पाणी लागते किंवा किती प्रदूषण होते, याचे आकडे घेऊन ते समोरच्या विशिष्ट कपड्याचे आकडे असल्याप्रमाणे मांडले जात होते.

आपण विचारलेल्या पाण्याच्या आकड्याला हाच आक्षेप लागू होतो. एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागते, हे वाक्य सगळीकडे फिरत असते. पण ती सरासरी आहे. आपल्या महाराष्ट्रातला बहुतांश कापूस कोरडवाहू आहे, म्हणजे पावसावर येतो; पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या कापसाशी त्याची तुलना एका आकड्यात होऊच शकत नाही. आपल्या ताग्यातले, म्हणजे कापडाच्या गुंडाळीतले, सूत कोणत्या गिरणीतून आले आणि त्या गिरणीने गाठी कुठून उचलल्या, हे आपल्याकडे लेखी नसेल, तर पाण्याचा आकडा छापू नये. सूत नेमके कुठले हे ठाऊक असले तरीही आकडा देण्यापेक्षा ‘विदर्भातील कोरडवाहू कापूस’ असे म्हणणे अधिक खरे आणि वाचणाऱ्याला अधिक समजणारे आहे. ‘कस्तुरी कॉटन भारत’ या उपक्रमात गाठींपासून पुढे क्यूआर कोडच्या आधारे माग ठेवण्याची व्यवस्था उभी केलेली आहे. आपला सूत-पुरवठादार त्यात आहे का, एवढे विचारून ठेवावे.

एक वेगळी अडचण आहे, जी परदेशी सल्लागारांच्या सादरीकरणांत सापडत नाही. आपल्याकडे क्यूआर कोड म्हणजे पैसे देण्याचा कोड. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांनी तो त्याच कामासाठी वापरला आहे, आणि ‘कोड स्कॅन करा, पैसे मिळतील’ असे सांगून खाती रिकामी केल्याच्या बातम्याही सर्वांनी वाचल्या आहेत. त्यामुळे कपड्यावरचा अनोळखी कोड उघडायला ज्येष्ठ नागरिक कचरतात, ते अडाणीपणामुळे नव्हे. उपाय साधा आहे. कोडच्या वर ‘धुण्याची पद्धत आणि कापडाची माहिती’ असे मराठीत छापा, खाली संकेतस्थळाचा पत्ता वाचता येईल अशा अक्षरांत द्या, आणि कोड उघडल्यावर फोन नंबर, ओटीपी किंवा ॲप यांपैकी काहीही मागू नका. माहिती देण्याआधी माहिती मागणारे पान ग्राहक तेथेच बंद करतात. वॉरंटी-नोंदणीसाठी नंबर घ्यायचाच असेल तर तो पानाच्या शेवटी, ऐच्छिक ठेवावा आणि तो कशासाठी हवा आहे ते तेथेच लिहावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीविषयी तेच सांगतो.

आता शिवलेल्या लेबलविषयी. ते काढू नये. परदेशात, विशेषतः अनेक देशांत एकच माल विकणाऱ्या कंपन्यांच्या कपड्यांत, बारा-पंधरा भाषांतली लेबले एकावर एक शिवून लहानशी पुस्तिकाच तयार झालेली असते. ती अंगाला टोचते म्हणून लोक कापून टाकतात, आणि मग त्या उद्योगाने ‘हे सर्व डिजिटल करू द्या’ अशी मागणी केली तर ती समजण्यासारखी आहे. आपल्या कुर्त्यावर जास्तीत जास्त तीन भाषा येतील. आपली ती अडचणच नाही. शिवाय कायदाही आहे. सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना २०२२ मधील दुरुस्तीने वेष्टित वस्तूंवर सक्तीच्या असलेल्या काही घोषणांतून सवलत मिळाली असली, तरी उत्पादकाचे किंवा ब्रँडधारकाचे नाव आणि पत्ता, तक्रारीसाठी ईमेल आणि फोन, सेंटीमीटरसह माप आणि कमाल किरकोळ किंमत या गोष्टी ग्राहकाला दिसल्याच पाहिजेत. त्याच वर्षी काही घोषणा क्यूआर कोडद्वारे देण्याची मुभा मिळाली होती, ती इलेक्ट्रॉनिक वस्तूंना आणि एका वर्षापुरती. कपड्यांना तिचा आधार घेता येत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी धाग्यांचे प्रमाण आणि धुण्याची खूण कपड्यावरच असावी, याचे कारण कपडा विकत घेणारा आणि तो हाताळणारा हे नेहमी एकच नसतात. इस्त्रीवाला, लाँड्रीवाला, धुणे-भांडी करणाऱ्या मावशी, आणि वर्षांनंतर जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण, यांच्यापैकी कोणीही कोड उघडणार नाही. बोहारीण कपडा कसा पाहते, ते कधी लक्ष देऊन पाहावे. ती साडी झटकून उलगडते, उजेडासमोर धरून विरलेली जागा शोधते, अंगठा आणि तर्जनीमध्ये काठाजवळचे पोत घासते, आणि सुती कोणते, पॉलिएस्टर कोणते हे क्षणात वेगळे करून दोन ढीग लावते. सुती ढिगाची पुढे कारखान्यांत यंत्रे पुसण्यासाठी चिंधी होते, कारण सूत तेल आणि पाणी शोषते. पॉलिएस्टर शोषत नाही. मिश्र कापडाने मात्र तिचाही गोंधळ होतो, आणि पुनर्वापराच्या मोठ्या उद्योगाचाही तोच होतो. २०२३ मध्ये जगात सुमारे १२.४ कोटी टन धागा तयार झाला, त्यात पॉलिएस्टरचा वाटा ५७ टक्के होता, आणि जुन्या कपड्यांपासून पुन्हा धागा बनून आलेला हिस्सा एक टक्क्याहूनही कमी होता. कापूस आणि पॉलिएस्टर एकत्र कातलेले असले की ते वेगळे करणे खर्चिक असते, आणि प्रमाणच ठाऊक नसले तर कोणी प्रयत्नही करत नाही. म्हणून ‘६० टक्के कापूस, ४० टक्के पॉलिएस्टर’ ही एक ओळ, कपडा असेपर्यंत न पुसली जाणारी, ही आपल्याला करता येण्याजोगी सर्वांत स्वस्त पर्यावरणसेवा आहे. खणाच्या नावाने विकले जाणारे कृत्रिम धाग्याचे कापड आपणही वापरत असाल, तर तेथे ती ओळ विशेष करून हवी.

कोडमागच्या पानावर काय असावे, ते एका काल्पनिक कुर्त्याच्या उदाहरणाने सांगते. पान पुण्यातल्या पाटीसारखे लिहावे: थोडक्यात, थेट, आणि वाचणाऱ्याला पुन्हा विचारण्याची गरज न ठेवता. सर्वांत वर धुण्याविषयी: ‘पहिली दोन धुणी वेगळी करा. गार पाणी. सावलीत वाळवा. मशीनमध्ये नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर चालेल.’ त्याखाली आटण्याविषयी: ‘पहिल्या तीन धुण्यांत लांबीत चार टक्क्यांपर्यंत आटू शकतो.’ येथे टक्क्यांवर थांबू नये, कारण टक्के कोणी मोजत नाही; ११० सेंटीमीटर लांबीचा कुर्ता जवळपास साडेचार सेंटीमीटर आखूड होईल, असे लिहिले की ग्राहक आपण होऊन एक माप मोठे घेतात आणि तक्रार उद्भवतच नाही. मग रंगाविषयी: ‘गडद मरून, ओल्या घासणीत थोडा रंग सुटतो, पांढऱ्या सलवारवर घालताना काळजी घ्या.’ मग कापडाविषयी: ‘१०० टक्के सुती, यंत्रमाग, इचलकरंजी. शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा. बटणे नारळाच्या करवंटीची.’ दोऱ्याचे वाक्य अनेक उत्पादक गाळतात. जवळपास प्रत्येक सुती कपडा पॉलिएस्टरच्या किंवा पॉलिएस्टर-गाभ्याच्या दोऱ्यानेच शिवला जातो, कारण तो मशीनच्या वेगात तुटत नाही. हे न विचारता सांगणाऱ्या ब्रँडच्या बाकीच्या विधानांवर वाचणारा विश्वास ठेवू लागतो. शेवटी दुरुस्तीविषयी: उसवले तर कुठे आणायचे, जादा बटण कुठे शिवले आहे, माप सैल करण्यासाठी शिवणीत किती कापड सोडले आहे. ही शेवटची बाब आपल्या शिंप्यांना नवी नाही. पूर्वी शिवणीत दोन बोटे कापड सोडल्याशिवाय झंपर शिवला जात नसे. तयार कपड्यांनी ती पद्धत मोडली.

वरची विधाने करण्यासाठी चाचणी लागते, आणि ती वाटते तितकी अवघड नाही. धुण्याने रंग किती जातो, कोरड्या आणि ओल्या घासणीत किती सुटतो आणि कापड दोन्ही दिशांना किती आटते, एवढ्या तीन चाचण्या प्रत्येक नव्या ताग्यासाठी कराव्यात. रंगाचे निकाल एक ते पाच अशा श्रेणीत येतात; पाच म्हणजे उत्तम. गडद निळा, मरून आणि काळा हे रंग ओल्या घासणीत दोन-तीनच्या आसपास रेंगाळतात, याचे आश्चर्य वाटून घेऊ नये. पुरवठादार ‘प्युअर कॉटन’ म्हणतो आणि आपल्याला खात्री नाही, अशा वेळी प्रयोगशाळा ७५ टक्के तीव्रतेच्या गंधकाम्लात सूत विरघळवून मागे उरलेले पॉलिएस्टर तोलते आणि नेमके प्रमाण देते. मुंबईत टेक्स्टाइल्स कमिटीकडे आणि घाटकोपरच्या बीटीआरए या वस्त्र-संशोधन संस्थेत हे काम होते. अहवालाची प्रत पानावर सर्वांत खाली ठेवावी. ती उघडणारे मोजकेच असतील. पण ती तेथे आहे, हे सर्वांना दिसते.

‘पर्यावरणपूरक’ असे छापावे का, याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फसव्या पर्यावरणीय दाव्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांनुसार ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘नॅचरल’, ‘ऑरगॅनिक’, ‘सस्टेनेबल’ यांसारखे मोघम शब्द पुरेशा खुलाशाशिवाय आणि पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. दावा संपूर्ण वस्तूविषयी आहे, एखाद्या भागाविषयी, प्रक्रियेविषयी की केवळ वेष्टनाविषयी, हे सांगावे लागते. आणि हा खुलासा क्यूआर कोड किंवा संकेतस्थळाच्या दुव्यामार्फत देण्याची सोयही तेथे स्पष्टपणे दिलेली आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. आपल्यासारख्या व्यवसायाची नजरचूक कोणी इतक्या लांबवर नेणार नाही, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा माझा आक्षेप वेगळा आहे. सगळेच टॅग हिरवे झाल्यामुळे त्या शब्दांनी आता कोणाचेही लक्ष वेधले जात नाही. ‘पिशवी वर्तमानपत्राची, टॅग पुठ्ठ्याचा, प्लॅस्टिक नाही’ हे वाक्य फक्त वेष्टनाविषयी आहे आणि तेवढेच म्हणते. ते ग्राहक वाचतात आणि त्यावर बोलतातही. नैसर्गिक रंगांच्या बाबतीतही हाच नियम पाळावा. रंग कशापासून काढला, त्याला तुरटी लावली की लोह, आणि तो उन्हात विटतो का, या तीन गोष्टी सांगितल्याखेरीज ‘नैसर्गिक’ म्हणू नये. अनेक वनस्पतिजन्य रंग उन्हात लवकर फिके होतात, आणि ते आधीच सांगितले तर तोच त्यांचा स्वभाव म्हणून स्वीकारला जातो.

जास्त पैसे मिळतील का? केवळ कोडमुळे नाही. चांगले सूत, नीट शिवण आणि हातमाग यांसाठी पुण्यात पैसे मोजले जातात; त्यांची माहिती मोबाइलवर आहे म्हणून मोजले जात नाहीत. कोडचा फायदा परतावे कमी होण्यात, फोनवर तीच ती उत्तरे देण्याचा वेळ वाचण्यात आणि तोच ग्राहक पुन्हा येण्यात दिसतो. त्याचा हिशेब दोन हंगामांनंतर मांडावा, दोन आठवड्यांनंतर नव्हे.

छपाईविषयी मात्र थोडे तपशिलात सांगते, कारण निम्मे कोड येथेच वाया जातात. पत्ता जितका लांब, तितक्या कोडमधल्या चौकटी बारीक होतात. पत्ता तीस अक्षरांच्या आत ठेवला तर तो २९ बाय २९ चौकटींच्या कोडमध्ये मावतो, आणि चतुर्थांश भाग खराब झाला तरी वाचता येईल अशी दुरुस्तीची पातळीही त्यात ठेवता येते. भोवती चार चौकटींएवढी कोरी कड सोडून एकूण दोन सेंटीमीटरचा चौकोन पुरतो. विणलेल्या लेबलवर धाग्याच्या जाडीमुळे कोडच्या कडा फाटक्या येतात, म्हणून साटिनच्या पट्टीवर रेझिन रिबनची थर्मल छपाई घ्यावी. मेणाच्या रिबनची छपाई स्वस्त पडते आणि काही धुण्यांत निघून जाते. लेबल बनवणाऱ्याकडून नमुने आणून ते स्वतः वीस-पंचवीस वेळा धुवावेत, इस्त्री करावेत आणि जुन्या, स्वस्त मोबाइलवर वाचून पाहावेत. जागा मानेमागची नको; बाजूच्या शिवणीत, खालच्या बाजूला लावले तर ते टोचत नाही आणि कापले जात नाही.

कोड तयार करण्यासाठी फुकटच्या सेवा वापरू नयेत. त्यांतल्या काही सेवा कोडमध्ये स्वतःचा पत्ता घालतात, आणि मुदत संपली किंवा वर्गणी थांबली की आपल्या विकल्या गेलेल्या प्रत्येक कपड्यावरचा कोड बंद पडतो किंवा भलत्याच जाहिरातीकडे जातो. सुती कुर्ता सहज सात-आठ वर्षे चालतो, साडी तर पुढच्या पिढीकडे जाते. स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यावे, कोडमध्ये त्याच डोमेनवरचा छोटा पत्ता घालावा आणि मागचे पान हवे तेव्हा बदलावे. प्रत्येक नगाला वेगळा कोड देण्याची आपल्याला गरज नाही. एका ताग्यातून शिवलेल्या सर्व कुर्त्यांना एकच कोड पुरतो, कारण आटणे आणि रंग हे ताग्याप्रमाणे बदलतात, नगाप्रमाणे नाही.

आता जर्मन खरेदीदार. युरोपीय संघाचा इकोडिझाइनचा नवा नियम १८ जुलै २०२४ रोजी लागू झाला आणि डिजिटल पासपोर्टची कल्पना त्यातच आहे. पण त्याने चौकट तेवढी घातली आहे. कपड्यांसाठी नेमकी कोणती माहिती द्यायची, हे ठरवणारा स्वतंत्र आदेश नंतर यायचा आहे. युरोपीय आयोगाच्या एप्रिल २०२५ च्या कार्यक्रमात तो २०२७ च्या सुमारास अपेक्षित धरला आहे, आणि तो अमलात आल्यानंतरही पालनासाठी सर्वसाधारणपणे किमान अठरा महिने दिले जातात. पासपोर्ट प्रकारानुसार असेल, खेपेनुसार की नगानुसार, हेही त्या आदेशातच ठरेल. त्यामुळे ‘आत्ताच पासपोर्ट घ्या’ म्हणून महागडी वर्गणी विकणाऱ्या मध्यस्थांना घाई करू देऊ नये. धाग्यांचे प्रमाण सांगणारे लेबल मात्र तेथे २०११ च्या नियमानुसार आजही कपड्यावर टिकाऊ स्वरूपात, ज्या देशात माल विकायचा त्या देशाच्या भाषेत लागते. जर्मनीसाठी ते जर्मन भाषेतच हवे. शिवाय २७ सप्टेंबर २०२६ पासून तेथे पुराव्याविना केलेल्या मोघम पर्यावरणीय दाव्यांना मनाई लागू होते, म्हणजे टॅगवरचा ‘इको’ शब्द तेथे भारतापेक्षाही महागात पडू शकतो.

खरेदीदाराला उत्तर लिहिताना ‘पासपोर्ट देतो’ किंवा ‘देत नाही’ असे न लिहिता त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: नेमक्या कोणत्या माहितीचे रकाने हवे आहेत, ती ताग्यागणिक हवी की नगागणिक, आणि ती कोणाच्या संकेतस्थळावर ठेवायची. तिसरा मुद्दा सोडू नये, कारण माहिती त्याच्या यंत्रणेत गेली की आपल्या पुरवठादारांची नावेही त्याच्याकडे जातात. तोपर्यंत प्रत्येक ताग्यासाठी एक पाकीट करावे. त्यात कापडाचा तुकडा, सूत किंवा कापड घेतल्याचे बिल, रंगाई करणाऱ्याचे चलान, चाचणीचा अहवाल आणि त्या ताग्यातून किती कुर्ते शिवले त्याची नोंद ठेवावी, आणि पाकिटावर कोडमधला क्रमांक घालावा. उद्या युरोपचा आदेश कोणत्याही स्वरूपात आला तरी त्यातले बहुतेक रकाने या पाकिटातूनच भरावे लागतील.